वारं गेल्यावर धरलेला खांदा: लेसरचं पॅकेज घ्यावं का?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आमच्या अण्णांना (वय ६८, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त) फेब्रुवारीत डाव्या अंगावरून वारं गेलं (अर्धांगवायू). वाचा शाबूत राहिली, गिळणं आठवड्याभरात सुधारलं, पाय हळूहळू आला. आता चार पायांची काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. हात मात्र लोंबतोच. पहिले पाच-सहा आठवडे तो नुसता जड होता, दुखत नव्हता. एप्रिलच्या मध्यापासून खांदा दुखायला लागला आणि आता अशी गत आहे की सदरा दिसला की अण्णा आधीच डोळे मिटून घेतात. रात्री त्या कुशीवर वळले की ओरडून जागे होतात. आईची सलग झोप कधी झाली ते तिलाही आठवत नसेल.

आम्ही काय काय केलं ते लपवत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना व्यायामाचा एक झेरॉक्स कागद मिळाला, त्यातली अर्धी चित्रं काळी आली होती. मग मेव्हण्याने चौकटीला कप्पी बसवून दिली. नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना मुठी, चांगल्या हाताने ओढायचं की लुळा हात वर. अण्णा खूश. म्हणाले, "तीस वर्षं दोरीच ओढली की घंटीची!" सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. शिवाय रोज तेल लावून मालिश आणि गरम पाण्याच्या पिशवीचा शेक.

आता शहरातल्या एका सेंटरने हाय पॉवर लेसर सुचवलाय. वीस सिटिंग, अठरा हजार, पैसे आधी. तिथले गृहस्थ म्हणाले, व्यायामाच्या भानगडीत पडू नका, दुखणं गेलं की हात आपोआप उठेल. पैसे कसेही उभे करीन, पण फसायचं नाही. कुणाला अनुभव?

---

अजून_एक_सून | रविवार, रात्री ११:१५

दादा, आमच्या सासूबाईंना मागच्या वर्षी हेच झालं, उजवा हात. लेसर घेतला होता, पण कमी ताकदीचा, पेनसारखा टेकवायचा. दहा वेळा. दुखणं दहापैकी आठ होतं ते चारवर आलं, हे खरं. मग नणंदेचं लग्न निघालं, महिनाभर घरात पाहुणे, व्यायाम बंद. हळदीच्या दिवशी खांदा परत पहिल्या जागी. त्यामुळे उपयोग झाला म्हणू की नाही, मलाच कळत नाही.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६:०५

लाल दिवा लावून हाड बरं होत असतं तर सिग्नलवर उभे राहणारे सगळे धडधाकट असते. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी नातेवाइकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं होतं. दोन कबुतरं गेली, भाऊ आहे तसाच राहिला. आता कबुतराची जागा यंत्राने घेतली आहे एवढंच.

---

सांधेदुरुस्ती | सोमवार, सकाळी ८:३०

कृष्णाकाठ, पैशाचं नंतर बोलू. आधी ती कप्पी उतरवा. आज रात्रीच. स्टूल घ्या आणि उतरवा.

मी फिजिओ आहे, नाशिकला, चौदा वर्षं झाली. नियम म्हणून पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण हे एक न बघताही सांगता येतं.

का ते समजून घ्या. खुब्याचा सांधा वाटीत बसवलेला असतो, खांद्याचा बशीत. उथळ बशीत बेसनाचा लाडू ठेवा आणि बशी उभी धरा, म्हणजे तुमचा खांदा झाला. लाडू पडत नाही कारण चार छोटे स्नायू त्याला चहूबाजूंनी दाबून धरतात. वारं गेलं की तेच ढिले पडतात आणि हाताचं सगळं वजन सांध्याच्या पिशवीवर नि शिरांवर लोंबकळतं. लाडू बशीतून खाली सरकतो. हा एक भाग.

दुसरा भाग कप्पीचा. तुम्ही-आम्ही हात पूर्ण वर नेतो ते साधारण १८० अंश. त्यातले १२० मुख्य सांध्यात होतात, उरलेले ६० पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, गोल फिरून देतो. शिवाय वर जाताना दंडाचं हाड स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला वळतं. लुळ्या हातात फरा जागचा हलत नाही आणि दंडही वळत नाही. अशा वेळी दोरीने मनगट ओढून वर नेलं की हाडाच्या डोक्यावरचे स्नायू वरच्या हाडाच्या छपराखाली चिमटतात. एकदा नाही, दिवसातून दोनशे वेळा. अण्णांनी मेहनत घेतली, मान्य. दुखणं त्याच मेहनतीचं असावं अशी मला दाट शंका आहे.

मला चार गोष्टी सांगा. बसलेले असताना खांद्याच्या टोकाखाली खळगा लागतो का, आणि किती बोटं मावतात? पंजा सुजलाय का, कातडी चकचकीत दिसते का? कोपर अंगाला लावून पंजा बाहेरच्या बाजूला वळवला तर किती वळतो? आणि खाटेवरून त्यांना कोण उठवतं, कसं?

---

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:५०

ताई, कप्पी उतरवली. अण्णा रुसले आहेत.

खळगा आहे, दीड बोट मावतं. पंजा संध्याकाळी थोडा फुगतो, सकाळी उतरलेला असतो. बाहेर वळवायला गेलो तर जरा वळतो न वळतो तोच हात झटकतात. उठवायचं म्हणाल तर मेव्हणा किंवा मी. समोर उभं राहून दोन्ही हात धरून "चला अण्णा, हुप्प" करून ओढतो. लिहितानाच कळतंय तुम्ही काय म्हणणार ते.

---

सांधेदुरुस्ती | सोमवार, दुपारी २:२०

हेच म्हणणार. लुळा हात म्हणजे बादलीची कडी नव्हे. काखेत हात घालूनही उचलू नका. एक हात पाठीमागे फऱ्यावर, दुसरा कमरेच्या पट्ट्याला, आणि त्यांना पुढे वाकून स्वतः उठू द्या. कमरेला जुना रुंद कापडी पट्टा बांधला तरी चालेल. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा. भेटायला येणाऱ्यांनाही सांगा, कारण काका-मामा आल्या आल्या तोच हात धरून हलवतात.

---

व्हीलचेअरवाला_डॉक्टर | सोमवार, रात्री ९:४५

पुनर्वसन शाखेचा डॉक्टर आहे. सांधेदुरुस्ती यांना दुजोरा, आणि थोडे आकडे, कारण कप्पी काढल्यावर घरात भांडण होतंच.

१९९० साली एक छोटा अभ्यास छापून आला होता. २८ पेशंट, तीन गट. थेरपिस्टने स्वतः हात हलवून दिला त्या गटात ८ टक्के लोकांचा खांदा दुखू लागला. टेबलावर चाकाच्या पाटीवर हात फिरवला त्यांच्यात १२ टक्के. डोक्यावरच्या कप्पीच्या गटात ६२ टक्के. पेशंट कमी होते हे खरं, पण फरक एवढा मोठा की तो कुणाला विसरता आला नाही. २०१६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनने पुनर्वसनाच्या ज्या सूचना काढल्या, त्यांतही ही कप्पी नको असं सरळ म्हटलंय. तरी आपल्याकडच्या कितीतरी फिजिओथेरपी खोल्यांत ती अजून लटकलेली दिसते. फ्रोझन शोल्डरच्या (नुसत्या आखडलेल्या खांद्याच्या) पेशंटसाठी असते, आणि मग जो येईल त्याच्या हातात दोरी दिली जाते.

आता लेसर. आधी हे ठरवा की दुखतंय काय. वारं गेल्यानंतरचा दुखरा खांदा हा एक आजार नाही, चार-पाच आजारांचं ते गाठोडं आहे. सांधा खाली उतरलेला, पिशवी आखडलेली, वरचा स्नायू चिमटलेला, स्नायू ताठरलेले, किंवा खांदा-पंजा मिळून होणारं ते वेगळंच दुखणं, ज्यात पंजा सुजतो, तापतो, रंग बदलतो आणि नुसतं पांघरूण लागलं तरी आग होते. मिलिमीटरच्या हिशेबाने प्रकाश टाकण्याआधी कुणीतरी हाताने तपासून यातलं काय आहे ते सांगायला हवं. तुमच्याकडे पंजा सकाळी उतरतो हे बरं लक्षण, पण लक्ष ठेवा. ताठरपणा असेल तर बोट्युलिनमचं इंजेक्शन, आतली सूज असेल तर स्टिरॉइडचं इंजेक्शन, असे इतर मार्गही आहेत. सगळ्यांना एकच यंत्र लावणारा माणूस तपासणी टाळतो असं समजा.

---

वायरमन | सोमवार, रात्री १०:३०

मी इलेक्ट्रिकलवाला, म्हणून शंका. हाय पॉवर, लो पॉवर म्हणजे नक्की किती? आणि 'सिटिंग' हे काय माप झालं? उद्या मी कुणाला 'वीस सिटिंग वीज' विकली तर?

---

सांधेदुरुस्ती | मंगळवार, सकाळी ७:५५

वायरमन, शंभर टक्के बरोबर प्रश्न.

अर्धा वॅट ही वेस. त्याच्या आतला तो कमी ताकदीचा, म्हणजे वर्ग तीन-ब. त्याच्यावरचा वर्ग चार, त्यालाच हाय पॉवर म्हणतात, आणि ती यंत्रं दहा-बारा वॅटपर्यंत जातात. डोस मोजायचा ज्यूलमध्ये. वॅट गुणिले सेकंद, बस. १०० मिलिवॅटचा प्रोब एका बिंदूवर ६० सेकंद धरला तर ६ ज्यूल. त्यामुळे सेंटरवाल्याला विचारा: तरंगलांबी किती, ताकद किती, किती बिंदूंवर, प्रत्येक बिंदूला किती ज्यूल? उत्तर आलं नाही, किंवा "मशीनमध्ये प्रोग्राम सेट आहे" असं आलं, तर चहा पिऊन परत या.

आत काय होतं? साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश कातडीतून थोडा खोल जातो आणि पेशींमधल्या ऊर्जाघरातलं एक एन्झाइम तो शोषतं, त्यातून पेशीचं ऊर्जेचं काम आणि दाह यांवर परिणाम होतो, अशी मांडणी आहे. कमी ताकदीच्या लेसरने गरमही लागत नाही. हाय पॉवरमध्ये ऊब लागते, आणि त्या उबेचाही आपला वेगळा परिणाम असतो.

जाता जाता: हे प्रकरण सुरू झालं ते १९६७ मध्ये, बुडापेस्टला. एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांना बघायचं होतं की लेसरने उंदरांना कर्करोग होतो का. कर्करोग झाला नाही, पण भादरलेले केस लवकर उगवले. टक्कलवाल्यांनी फार आशा धरू नये.

मी स्वतः लेसर वापरते. पण कशासाठी, ते नीट सांगते. ज्याचा खांदा दुखतो तो हात लावू देत नाही. हात लावू दिला नाही तर फरा मोकळा करता येत नाही. फरा मोकळा झाला नाही तर खांदा आणखी आखडतो आणि आणखी दुखतो. लेसरने दुखणं थोडं खाली आलं तर त्या अर्ध्या तासात मला काम करता येतं. लेसर घेऊन, चपला घालून घरी जाणाऱ्या पेशंटला मी तो लावतच नाही. "व्यायामाच्या भानगडीत पडू नका" म्हणणाऱ्याने तर उलटंच सांगितलंय.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, ऊर्जाघर वगैरे ठीक. पण पुरावा? मीही उद्या म्हणेन की कबुतराच्या रक्तात एन्झाइम आहे.

---

व्हीलचेअरवाला_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:००

मास्तर, पुरावा आहे, पण मधल्या बाकावरचा. २०१४ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने फ्रोझन शोल्डरवरच्या यंत्रोपचारांचे अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक यंत्रांबद्दल काही ठाम म्हणता आलं नाही. कमी ताकदीच्या लेसरबद्दल एक अभ्यास बरा निघाला. ६३ लोक, सगळ्यांना आठ आठवडे व्यायाम, अर्ध्यांना खरा लेसर, अर्ध्यांना खोटा. चौथ्या आठवड्याला दुखण्याचे १०० पैकी खोट्या लेसरवाल्यांचे ५१ गुण, खऱ्यांचे ३२. हे बऱ्यापैकी आहे. पण मेख अशी की ते फ्रोझन शोल्डरचे पेशंट होते, अर्धांगवायूचे नव्हेत. अर्धांगवायूच्या खांद्यावर हाय पॉवर लेसरचेही अभ्यास होऊ लागलेत, तुर्कस्तानातले डॉक्टर त्यात पुढे आहेत, पण ते लहान आहेत आणि काही आठवड्यांचा हिशेब देतात.

एक बघा, अशा अभ्यासांत व्यायाम बहुधा दोन्ही गटांना असतो, कारण तो कुणालाच नाकारता येत नाही. प्रश्न फक्त लेसरचा असतो. सेंटरवाले तोच निकाल दाखवून व्यायाम वगळतात.

---

चकली | मंगळवार, रात्री ८:२०

मध्येच बोलते. त्या गरम पिशवीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही का?

माझ्या आईची डाव्या अंगाची जाणीव कमी झाली होती. हात दिसायला ठीक, पण गरम-गार कळायचं नाही. मी चांगल्या बुद्धीने पिशवी लावली, वर शाल टाकली आणि भाजी टाकायला आत गेले. परत आले तेव्हा दंडावर लिंबाएवढा फोड. ती शांतपणे मालिका बघत होती. तो फोड भरायला दीड महिना लागला आणि माझ्या मनातून अजून गेला नाही.

म्हणून हाय पॉवर लेसर घेणार असाल तर आधी जाणीव तपासायला सांगा. आईला नंतर एका ठिकाणी नेलं तर तिथल्या मुलीने आधी दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत कोमट पाणी, एकीत गार, डोळे मिटवून विचारत बसली. आणि आईच्या दंडावर गोंदण आहे, जुनं हिरवं तुळशीवृंदावन. ती म्हणाली या जागेवर मी लेसर धरणार नाही, शाई उष्णता ओढून घेते आणि कातडी भाजते. त्या मुलीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला.

---

सांधेदुरुस्ती | मंगळवार, रात्री ९:००

चकली, फार महत्त्वाचं लिहिलंत, मीच आधी लिहायला हवं होतं. त्यात भर: डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा गॉगल हवाच, पेशंटला आणि लावणाऱ्यालाही. उन्हाळी काळा चष्मा चालत नाही. कर्करोगाच्या गाठीवर, गरोदर बाईच्या पोटावर आणि गळ्यावर थायरॉइडपाशी लेसर नको. उन्हाने पुरळ उठवणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा.

---

लीड्सकर | बुधवार, पहाटे ३:३०

इकडे इंग्लंडात मामेसासऱ्यांना स्ट्रोक झाला तेव्हाचं सांगते. लेसरचं नावही कुणी काढलं नाही. पण पहिल्या दिवसापासून खाटेच्या डोक्याशी कागद चिकटवलेला: या बाजूला झोपले तर उशी कुठे, त्या बाजूला झोपले तर उशी कुठे, खुर्चीत बसले तर हात कुठे. रात्रपाळीची नर्सही तो बघून हात ठेवायची. लुळ्या हाताला सुई लावायची नाही, त्या हाताने बीपी घ्यायचं नाही, असंही त्यावर होतं.

पण इकडचं सगळं सोन्याचं असं समजू नका. २०२३ मध्ये इथल्या नाइस या, उपचारांच्या सूचना काढणाऱ्या संस्थेने स्ट्रोकनंतर आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास थेरपी द्यावी असं लिहून ठेवलंय. मामंजींना घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा पाऊण तास मिळाला. उरलेलं मामींनी केलं.

---

अजून_एक_सून | बुधवार, सकाळी ७:१०

तीन तास!! इथे फिजिओ दादा येऊन-जाऊन पंचवीस मिनिटं, त्यातली पाच चहाची.

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. आज सेंटरवर जाऊन वायरमन यांचे प्रश्न विचारले. "मशीन इटलीचं आहे" हे उत्तर मिळालं. ज्यूल विचारल्यावर त्यांनी आतल्या मुलाला हाक मारली, तो मोबाइलमध्ये बघायला लागला. चहा मात्र चांगला होता.

आता दोन प्रश्न. घरी नक्की करायचं काय? आणि विम्यातून काही मिळतं का?

---

पॉलिसीपुराण | बुधवार, रात्री १०:२५

विम्याचं मी सांगतो. अॅडमिट झालेल्या आजारासाठी डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस बहुतेक पॉलिसींत धरलेले असतात. त्या काळातली फिजिओथेरपी, डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीसकट आणि तारीखवार पावत्यांसकट, दावा करता येते. तुमचा स्ट्रोक फेब्रुवारीचा, म्हणजे मुदत संपली असेल किंवा संपत आली असेल. उद्याच कागद काढा. पॅकेजची एकरकमी पावती अडकते, प्रत्येक दिवसाची वेगळी घ्या.

---

सांधेदुरुस्ती | गुरुवार, सकाळी ८:१५

घरचं सांगते, पण एखाद्या फिजिओला घरी बोलावून एकदा समोर करून दाखवायला लावा. वाचून केलेला व्यायाम झेरॉक्सच्या काळ्या चित्रासारखाच.

बसलेले असताना हात कधीच लोंबता नको. मांडीवर जाड उशी, तिच्यावर कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात. झोळी चालताना घाला, दिवसभर नको, नाहीतर हात छातीशी चिकटून तसाच आखडतो. लुळ्या कुशीवर झोपायला हरकत नाही, उलट चांगलं, पण खांदा अंगाखाली चेंगरता कामा नये. फऱ्याखाली हात घालून खांदा पुढे काढून घ्यायचा, मग वळवायचं. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी.

व्यायामात पहिलं काम फऱ्याचं. एका तळव्याने फरा धरून वर, खाली, पुढे, मागे सावकाश सरकवायचा. हात उचलायचा नाही. मग दंड बाहेरच्या बाजूला वळवायचा, दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं. "दुखलं तरच गुण येतो" हे या खांद्याच्या बाबतीत साफ चूक आहे.

आणि कप्पीऐवजी टेबल. दोन्ही हातांची बोटं गुंफायची, लुळ्या हाताचा अंगठा वर. हात टेबलावर ठेवून कमरेतून पुढे वाकायचं, हात आपोआप पुढे सरकतात. खांद्याच्या उंचीवर जायचं नाही. कॅरमबोर्ड आहे का घरात? त्यावर बोरिक पावडर टाका, पंजाखाली मऊ फडकं घ्या आणि फिरवा. डॉक्टरांनी सांगितलेल्या चाकाच्या पाटीचं घरगुती रूप म्हणा.

---

व्हीलचेअरवाला_डॉक्टर | गुरुवार, दुपारी १:३०

आणखी एक. मुंबईला येणं जमणार असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, १९५५ पासूनची. एकदा तिथे तपासून घ्या. गर्दी असते, पण डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि पट्टे-झोळ्या बनवणारे एका छताखाली आहेत.

---

कृष्णाकाठ | सव्वादोन महिन्यांनी, शनिवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. चार जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं, म्हणून सगळं इथेच लिहितो.

अठरा हजारांचं पॅकेज घेतलं नाही. जवळच्या गावातल्या एका फिजिओबाई मिळाल्या. कमी ताकदीचा लेसर, १२ वेळा, एक दिवसाआड, प्रत्येक वेळी किती बिंदू, किती ज्यूल ते वहीत लिहून सही. लेसर आठ-दहा मिनिटं, पुढे अर्धा तास नुसता फरा आणि टेबल. मी शेजारी बसून शिकायचो आणि संध्याकाळी घरी तेच करायचो.

पहिल्याच दिवशी अडचण आली. अण्णा दुखलं तरी दात आवळून गप्प बसायचे, कप्पीची सवय. बाई म्हणाल्या, मला कळलं पाहिजे कुठे थांबायचं. तेव्हा आईने चांगल्या हाताजवळ पितळी वाटी आणि चमचा ठेवला. एकदा वाजवलं की सिंगल बेल, गाडी थांबली. दोनदा वाजवलं की डबल बेल, जाऊ द्या. अण्णांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून बाईंना "पुढे सरका, पुढे जागा आहे" असंही सुरू झालं.

वहीतले आकडे: सुरुवातीला रात्रीचं दुखणं दहापैकी सात, सदरा घालताना नऊ. आता रात्री दोन-तीन, सदरा घालताना चार. हात बाहेरच्या बाजूला वळवताना पूर्वी सुरुवातीलाच सिंगल बेल व्हायची, आता साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो. पंजाची सूज गेली. खळगा मात्र तेवढाच आहे, दीड बोट. हात स्वतःहून उठत नाही. बोटं किंचित मिटतात, उघडत नाहीत.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ६:१०

आनंद वाटला. पण गुण लेसरचा की कप्पी उतरवल्याचा?

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९:४०

मास्तर, खरं सांगू? सांगता येत नाही. कप्पी उतरवली, ओढून उठवणं बंद केलं आणि उशी लावली, त्याच आठवड्यात सातावरून सहा झालं होतं, लेसर सुरू व्हायच्या आधी. पुढचं कशाने गेलं ते वेगळं काढायला दुसरे अण्णा हवेत. लेसर संपून पाच आठवडे झाले, व्यायाम चालू आहे, आकडा वर गेलेला नाही. मध्ये गौरी-गणपतीत चार दिवस खाडा पडला तेव्हा एकाने चढला होता.

---

सांधेदुरुस्ती | रविवार, सकाळी १०:०५

वाटी-चमचा चोरते आहे, परवानगी न घेता. माझ्याकडे एक निवृत्त शिंपीकाका आहेत, त्यांच्यासाठी काय करावं ते सुचवा कुणीतरी.

बोटं मिटतात पण उघडत नाहीत, याचा अर्थ ताठरपणा येऊ लागलाय. डॉक्टरांना दाखवायची वेळ आली. थांबू नका.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी १०:३०

पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. मेव्हणा गाडी काढतोय. त्याची कप्पी त्याच्या गोठ्यात गेली, वैरणीचे भारे माळ्यावर चढवायला. अण्णा म्हणतात, तिथे तरी सांभाळून ओढ म्हणावं, तुझाही खांदा आहे.